धर्मा चोगल्यांचा जबाब

शिडीवरून मी खाली उतरलो आणि वरून फोरमन मॅकीचा आवाज घुमला, "टेल हिम टु होल्ड ऑन!"

"काका, धीर धरा म्हणतायत," मी म्हणालो.

धर्मा चोगले एका गुडघ्यावर बसले होते आणि त्यांचा उजवा हात मनगटापर्यंतच दिसत होता. त्याच्या पुढे पत्रा होता. पत्रा म्हणजे घराच्या दारापेक्षा मोठी, जाडजूड पोलादी प्लेट. क्रेनच्या साखळीला लटकत ती जहाजाच्या पोटात उतरत होती, मध्येच फिरली आणि जहाजाच्या फासळीला जाऊन चिकटली. पत्रा आणि फासळी यांच्या मध्ये काकांचा पंजा होता. पत्र्याचं एक टोक वरच्या लोखंडी कोनाखाली असं घुसून बसलं होतं, की क्रेनने नुसता वर ओढला असता तर हातच निघून आला असता. तो कोन कापायला हवा होता, आणि कापायला आग लागते. आग पेटवायची तर आधी आत तेलाची वाफ साचलीय का, ते तपासायला हवं होतं. हे सगळं मला मॅकीने वर, डेकवर, धावता धावता सांगितलं होतं.

मी त्या गोदीत हजेरी घेणारा टाइमकीपर होतो. दीड वर्षात एकाही जहाजाच्या आत गेलो नव्हतो. मला बोलावलं ते एवढ्यासाठी, की धर्माकाकांना मराठीशिवाय काही नीट येत नव्हतं आणि इंग्रजी येणारा मराठी माणूस मी एकटाच होतो.

आत नुसती भट्टी झाली होती. जून महिना, आखातातलं ऊन आणि चहूबाजूंनी लोखंड. मी त्यांच्या शेजारी बसलो, पाण्याची बाटली त्यांच्या तोंडाला लावली.

"मास्तर," ते म्हणाले, "मी बरोबर केलं ना?"

"हो, काका."

"असं नको. नीट सांगा. बरोबर केलं ना?"

"हो हो. बरोबर."

ते कशाबद्दल विचारत होते, हे त्या क्षणी मला कळलं होतं का, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला विचारत आलो. कळलं होतं.

"होल्ड हिज आर्म!" मॅकी ओरडला. मी त्यांचा दंड घट्ट पकडला. दोन माणसं कटर घेऊन उतरली. "होल्ड स्टिल!" मी म्हणालो, "काका, अजिबात हलू नका." मग धूर झाला. "टेल हिम टु होल्ड हिज ब्रेथ!" मी म्हणालो, "श्वास रोखून धरा." मध्येच कोणीतरी वरून "होल्ड इट, होल्ड इट" म्हणालं आणि कटर बंद पडला. मी म्हणालो, "थांबलेत जरा."

धर्माकाका वेदनेने पांढरेफटक पडले होते, पण डोळे माझ्या तोंडावर होते.

"मास्तर, तो सारखा एकच शब्द बोलतोय," ते म्हणाले. "आणि तुम्ही दर खेपेला वेगळंच सांगताय."

मी बाटली पुन्हा त्यांच्या तोंडाला लावली.

दोन तास दहा मिनिटं लागली. पंजा वाचला नाही. त्याच संध्याकाळी कंपनीच्या दवाखान्यात मनगटाच्या वर चार बोटं हात कापला.

ही गोष्ट एकोणीसशे ब्याण्णव सालची. मी अरविंद रेडीज, चिपळूणचा, बी.ए. होऊन आखातातल्या एका जहाजदुरुस्तीच्या गोदीत लागलो होतो. वय सव्वीस. लग्न होऊन पाच महिने झाले आणि इकडे आलो. धर्माकाका दाभोळच्या खाडीवरचे, पन्नाशीचे. वीस वर्षं त्यांनी मुंबईच्या गोदीत खलाशाचं काम केलं होतं. जड लोखंड दोरांनी बांधायचं, उचलायचं, बोटभर फटीतून नेऊन बरोबर जागेवर बसवायचं, हे त्यांचं काम. त्यांनी बांधलेली गाठ दुसरा कोणी तपासत नसे.

तिथे शुक्रवारी सुट्टी असायची. दुपारी जेवणं झाली की मेसच्या खोलीत मी आपल्या माणसांना इंग्रजी शिकवायचो. कोणी सांगितलं नव्हतं. अकरा-बारा माणसं वह्या घेऊन बसायची. त्यातले निम्मे माझ्या वडिलांच्या वयाचे. ते मला मास्तर म्हणायचे आणि मला ते फार आवडायचं. कचेरीत मी सगळ्यांत खालचा कारकून होतो. टाय लावलेले केरळचे दोघे माझ्या उच्चारांना हसायचे. शुक्रवारी मात्र मी खुर्चीवर बसायचो आणि बाकीचे बाकावर.

अपघातानंतर दुसऱ्या दिवशी सुरक्षा-अधिकारी डन यांनी चौकशी सुरू केली. डन उंच, शांत आणि कमी बोलणारा माणूस. साक्षी टाइप करायला त्यांनी मलाच बसवलं. सिग्नल देणारा रेनाटो फिलिपिन्सचा होता आणि आमच्या यार्डात येऊन त्याला आठवडाच झाला होता. त्याच्या आधी त्या कामावर रत्नागिरीचा एक म्हातारा होता. तो "आरिया" म्हणून पत्रा खाली सोडायचा आणि "बस" म्हणून थांबवायचा. रेनाटोला आरिया कुठून माहीत असणार? त्याने साक्ष दिली : "पत्रा डुलतोय असं दिसलं म्हणून मी क्रेनवाल्याला ओरडून होल्ड म्हणालो. क्रेन थांबली. खालचा माणूस बाजूला उभा होता. तो अचानक पुढे धावला आणि त्याने दोन्ही हातांनी पत्रा पकडला. का, ते मला माहीत नाही."

ते वाक्य मी टाइप केलं. "का, ते मला माहीत नाही." नंतर पाणी प्यायला म्हणून उठलो, पण पाण्याच्या माठाकडे गेलोच नाही. कचेरीच्या कपाटात जाडा शब्दकोश होता, तो काढला. 'होल्ड' या एका क्रियापदाला अडीच पानं दिली होती. धरणे. पेलणे. थांबणे. थांबवणे. रोखणे. अटकेत ठेवणे. मत बाळगणे. टिकणे. सभा भरवणे. आणि सगळ्यात शेवटी, वेगळ्या नोंदीत, जहाजाचं पोट, जिथे माल भरतात ती जागा. मी उभ्यानेच वाचलं आणि पुस्तक जागेवर ठेवून दिलं.

पाचव्या दिवशी डन मला घेऊन दवाखान्यात गेले. धर्माकाका उशाला टेकून बसले होते. हातावर पांढरं गाठोडं. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"बरं झालं मास्तर, तुम्ही आलात. इथे कोणाला काय सांगायचं म्हणजे मुक्याचा तमाशा."

डननी टेपरेकॉर्डर काढला, मग काय वाटलं कोण जाणे, परत पिशवीत ठेवला आणि वही उघडली. नाव, गाव, किती वर्षांचा अनुभव, असं विचारून झालं. मग म्हणाले, "त्यांना विचार, पत्रा का पकडला?"

मी विचारलं.

"का म्हणजे?" काका म्हणाले. "तो फिलिपिनो ओरडला ना, होल्ड होल्ड! मला वाटलं मलाच सांगतोय. होल्ड म्हणजे धर. मास्तरांनी शिकवलंय म्हणून सांगा त्यांना. माझ्या वहीत लिहिलंय. आमच्या मुंबईत डुलणाऱ्या मालाला कोण हात लावत नाही, पण म्हटलं इकडची रीत असेल."

डन पेन घेऊन माझ्याकडे बघत होते.

तीन महिन्यांपूर्वीचा तो शुक्रवार मला जसाच्या तसा दिसला. धर्माकाकांनीच विचारलं होतं, "मास्तर, जहाजाच्या पोटाला नंबर दोन होल्ड, नंबर तीन होल्ड म्हणतात. मग वरून कधी कधी होल्ड म्हणून ओरडतात ते काय?" मला ठाऊक नव्हतं. मी यार्डात कधी उतरलोच नव्हतो. पण अकरा माणसं पेन्सिली धरून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "ते पोटाचं वेगळं. आपल्या कामाचा होल्ड म्हणजे धर. लिहून घ्या." आणि सगळ्यांनी लिहून घेतलं.

"वेल?" डन म्हणाले.

कचेरीच्या तिजोरीत माझा पासपोर्ट होता. बायकोला बोलावून घ्यायचा अर्ज त्याच डनच्या शिफारशीने वर गेला होता. आणि चौकशीत ज्याच्यावर ठपका येईल त्याला निकाल लागेपर्यंत पोलीस देश सोडू देत नाहीत, हे मी दीड वर्षात पाहिलं होतं. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं असं मी म्हणेन, पण ते खरं नाही. मी पाच दिवस याच क्षणाची तयारी करत होतो.

मी डनना इंग्रजीत सांगितलं, "तो म्हणतो, त्याचा पाय घसरला आणि पडू नये म्हणून त्याने पत्रा पकडला." पकडला याला मी जे दोन शब्द वापरले, त्यात एक 'होल्ड' होता.

काकांच्या कानांनी तो बरोबर टिपला. "हां," ते डनकडे बघून मान हलवत म्हणाले, "होल्ड. तेच, तेच."

डननी लिहून घेतलं. "बिचारा," ते म्हणाले. खाली काकांनी डाव्या हाताचा अंगठा उमटवला. अंगठा मीच शाईच्या पॅडवर धरून दिला.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं. पुढच्या गुरुवारच्या विमानाने तुम्हाला घरी पाठवतायत."

"एवढ्या लवकर? मग बरं आहे. उपकार झाले मास्तर तुमचे."

मधले दिवस कसे गेले ते नीट आठवत नाही. जेवण ताटात राहायचं. शुक्रवारी दुपारी मेसमध्ये गेलो तर सगळे वह्या घेऊन बसलेले. माझी खुर्ची पुढे मांडलेली. मी उभाच राहिलो.

हर्णैचा फरीद म्हणून एक जण होता, काकांबरोबर काम करणारा. त्याने विचारलं, "मास्तर, कचेरीत म्हणे असं लिहिलंय की चोगल्यांचा पाय घसरला?"

"हो."

"खरंय?"

"तसंच लिहिलंय."

मागून कोणीतरी हसलं. "पन्नाशी झाली की पाय घसरायचाच. म्हाताऱ्याने घरी बसायचं सोडून..."

"गप रे," फरीद म्हणाला. पण त्यालाही ते पटलेलं नव्हतं असं नाही. तो आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "वीस वर्षांत नाही घसरला. आता मुंबईच्या गोदीत कळलं तर त्याला कोण दोराला हात लावू देणार नाही. हात असता तरी."

त्या दिवशी मी शिकवलं नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. खोलीत जाऊन खाटेवर पडलो. वरच्या खाटेची जाळी बघत पडलो असताना एकच गोष्ट मनात फिरत होती : ते गुरुवारी गेले की संपलं. कोणाला काही कळणार नाही. आणि हे कळणार नाही, हेच मला सोसवेना. कुठल्याही बाजूला वळलो तरी भिंत होती. बोललो तर मी अडकतो, गप्प बसलो तर त्या खोटं बोललेल्या माणसाबरोबर, म्हणजे स्वतःबरोबरच, जन्मभर एका खोलीत राहायचं.

शनिवारी सकाळी मी हजेरीचे कागद दुसऱ्याच्या टेबलावर टाकले आणि दवाखान्यात गेलो. बसायला स्टूल होतं, बसलो नाही.

"काका, मी तुमचं बोलणं त्यांना बरोबर सांगितलं नाही."

"कोणतं?"

"पत्रा का धरला ते. मी सांगितलं, तुमचा पाय घसरला."

शेजारच्या खाटेवरचा बांगलादेशी माणूस संत्रं सोलत होता.

"माझा पाय कुठे घसरला?"

"नाही घसरला. होल्ड म्हणजे थांब. म्हणजे धर असाही होतो, पण क्रेनवर थांब असाच होतो. तो क्रेनवाल्याला थांब म्हणत होता. मी चुकीचं शिकवलं होतं. ते बाहेर येऊ नये म्हणून मी खोटं सांगितलं."

"म्हणजे मी बरोबर नव्हतं केलं."

"तुम्ही मी सांगितलं तसं केलंत."

"जहाजात विचारलं तेव्हा हो म्हणालास."

ते मला तू म्हणाले. पहिल्यांदाच. मी मान खाली घातली.

"आता अजून एक आहे," मी म्हणालो. "मी खरं सांगितलं तर चौकशी पुन्हा पहिल्यापासून होईल. तुमचं गुरुवारचं जाणं रद्द होईल. साक्षीदार म्हणून दोन महिने, तीन महिने, किती ते सांगता येत नाही, इथेच राहावं लागेल. नाही सांगितलं तर गुरुवारी तुम्ही घरी. तुम्ही म्हणाल तसं."

"आणि तुझं काय होईल?"

"माहीत नाही."

त्यांनी गाठोडं बांधलेला हात मांडीवरून उचलला आणि उशीवर ठेवला. घरी बायको होती, लग्नाला आलेली मुलगी होती. दोन वर्षं ते घरी गेले नव्हते, हे मला हजेरीपुस्तकावरून ठाऊक होतं. मला वाटलं, ते म्हणतील, जाऊ दे मास्तर, झालं ते झालं. मी त्यासाठीच आलो होतो, हे त्यांच्यासमोर उभं असताना माझ्या लक्षात आलं. त्यांच्या तोंडून सुटका मागायला.

"जा, सांग त्यांना," धर्माकाका म्हणाले. "हात गेला तो गेला. पण खलाशी घसरला असं कागदावर नको. माझ्या बापाच्या वेळेपासून आमच्यात कोण घसरलेला नाही. राहतो मी तीन महिने."

"काका..."

"जा म्हटलं ना. उभा काय राहिलायस?"

डनच्या खोलीत मी सगळं सांगितलं. शुक्रवारचे वर्ग, काकांचा प्रश्न, माझं उत्तर, दवाखान्यातलं खोटं भाषांतर. शेवटी त्यांनी विचारलं, "हे तू का सांगतोयस?"

"त्यांचा पाय घसरला नव्हता म्हणून."

डन बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिले. मग म्हणाले, "तू त्यांना शिकवत होतास, कारण आम्ही शिकवलं नव्हतं. हेही मला लिहावं लागेल. वरच्यांना ते आवडणार नाही. तुला तर ते सोडणार नाहीत." त्यांनी नवा कागद काढला. "बस. टाइप कर. तुझाच जबाब आहे."

मी टाइप केला आणि सही केली.

बायकोला आणायचा अर्ज त्याच आठवड्यात परत आला. पोलिसांनी मला चार वेळा बोलावलं. दरवेळी एका बिनखिडकीच्या खोलीत बसवून ठेवत, दोन-तीन तास, आणि मग तेच प्रश्न. पासपोर्ट कधी मिळेल, या प्रश्नाला कचेरीतल्या केरळच्या माणसाचं उत्तर ठरलेलं असे : "युवर केस इज ऑन होल्ड." टाइमकीपरचं काम काढून मला भांडाराच्या गोदामात मोजदादीला बसवलं. तिथे दिवसभर कोणी बोलायला नसे. शुक्रवारी मेसमध्ये मी जात नसे, आणि कोणी बोलवायलाही आलं नाही. बायकोला पत्रात काय लिहावं ते कळत नव्हतं. मी हवापाण्याबद्दल लिहायचो.

अकरा आठवड्यांनी निकाल लागला. कामगाराची चूक नाही, असं लिहिलं गेलं. क्रेनजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या भाषेत खुणा शिकवाव्यात आणि थांबायला सगळ्यांनी एकच शब्द, 'स्टॉप', वापरावा, असा फलक सात भाषांत लागला. मराठीतला मजकूर मला लिहायला सांगितला नाही. तो मुंबईहून लिहून आला. मला नोकरीवरून कमी केलं आणि तिकीट हातात दिलं.

माझं विमान मंगळवारी होतं, काकांचं बुधवारी. सोमवारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. जखम भरून आली होती. बांधाबांध फरीदने करून दिली होती, पण पेटीची दोरी काका स्वतः बांधत होते. एका हाताने आणि दातांनी. मदत करू का, असं विचारायची माझी छाती झाली नाही. गाठ बसली, त्यांनी ओढून बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"आलास?"

"उद्या जातोय."

"हं. बस."

बसलो. खाली यार्डात भोंगा झाला, माणसं पाळी बदलून परतू लागली.

"त्या शब्दाला किती अर्थ आहेत रे?" त्यांनी अचानक विचारलं.

"पुष्कळ आहेत, काका. पंचवीस-तीस तरी."

"मग तेव्हा एकच का सांगितलास?"

मनात चार उत्तरं तयार होती. वेळ नव्हता, सोपं करून सांगायचं होतं, तुमच्या कामाचं मला काय कळणार, असली. मी त्यातलं एकही दिलं नाही.

"मला तेवढाच येत होता."

धर्माकाकांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि माफीही नव्हती. खिडकीतून खालची माणसं बघत ते म्हणाले, "मग माहीत नाही म्हणायचंस. आम्ही काय, बाकावर बसलो असतो तसेच."